संशयाचा फायदा आणि त्याची किंमत

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन नावाचं जुनं बंदर आहे. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. ७ जुलै २०११ च्या सकाळी या शहरातल्या कँटरबरी स्ट्रीटवर रिचर्ड ओलँड हे ६९ वर्षांचे उद्योजक आपल्या कचेरीत मृतावस्थेत सापडले. डोकं, मान आणि हात मिळून अंगावर ४५ जखमा होत्या. काही धारदार हत्याराच्या, काही बोथट. खोलीतल्या किमती वस्तू जागच्या जागी होत्या. नाहीसा झाला होता फक्त त्यांचा मोबाइल फोन. हत्यार कधीच सापडलं नाही.

आदल्या संध्याकाळी त्यांना भेटून गेलेला शेवटचा माणूस, निदान पोलिसांना माहीत असलेला शेवटचा माणूस, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा डेनिस. घराण्याच्या पूर्वजांची माहिती जुळवण्याच्या निमित्ताने तो साडेपाचच्या सुमाराला आला होता आणि साधारण तासाभराने निघून गेला. मृतदेह सापडला त्याच संध्याकाळी पोलिसांनी त्याची कित्येक तास चौकशी केली आणि ती संपण्यापूर्वीच त्याला तोंडावर सांगितलं की आमचा संशय तुझ्यावर आहे.

पुढची आठ वर्षं हा खटला कॅनडात गाजत राहिला. ओलँड हे नाव तिथे घराघरात माहीत आहे. सुझाना ओलँड या बाईंनी १८६७ मध्ये शेजारच्या नोव्हा स्कोशियात बिअर गाळायला सुरुवात केली, त्यातून उभी राहिलेली मूसहेड ही कॅनडातली सर्वांत जुनी स्वतंत्र ब्रुअरी आजही याच घराण्याकडे आहे. रिचर्ड धाकटे. कंपनीची सूत्रं थोरल्या भावाकडे गेल्यावर ते १९८० च्या दशकात बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वेगळी संपत्ती उभी केली. मृत्यूच्या वेळी ती सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर होती. १९८५ च्या कॅनडा गेम्स सेंट जॉनला भरल्या त्या त्यांच्या नेतृत्वाखाली. ऑर्डर ऑफ कॅनडा हा देशातला मोठा सन्मान त्यांना मिळाला होता.

मुलाची स्थिती वेगळी होती. डेनिस गुंतवणूक सल्लागार होता, पण त्याचाच पैशाचा मेळ बसत नव्हता. घटस्फोटात वडिलोपार्जित घर हातचं जाऊ नये म्हणून वडिलांनी त्याला पाच लाखांहून अधिक डॉलर दिले होते आणि त्याचं व्याज तो दरमहा भरत होता. बँकेकडून मिळणारी उचल संपत आली होती. वडील शिस्तीचे, हिशेबाला कडक. त्यांचे एका स्त्रीशी विवाहबाह्य संबंध होते आणि ते घरात माहीत होते. कर्जबाजारी मुलगा, कठोर बाप, कोट्यवधींची इस्टेट. गोष्ट इतकी आयती जुळली होती की पुराव्याची वाट बघण्याची गरजच लोकांना वाटली नाही.

पुरावाही काही थोडाथोडका नव्हता. त्या संध्याकाळी आपण निळा ब्लेझर घातला होता असं डेनिसने पोलिसांना सांगितलं. कॅमेऱ्यांत तो तपकिरी कोटात दिसला. चौकशीनंतरच्या सकाळीच तो कोट धुलाईला गेला. पुढे त्याच कोटावर रक्ताचे अगदी बारीक डाग सापडले आणि त्यांतला डीएनए वडिलांच्या डीएनएशी जुळला. वडिलांच्या फोनवर ६ वाजून ४४ मिनिटांनी आलेल्या संदेशाची नोंद रॉथसेच्या टॉवरवर होती, आणि रॉथसे म्हणजे डेनिसचं घर होतं ती दिशा. घरी जाताना तो वाटेत एका धक्क्यावर थांबला होता.

आता दुसरी बाजू. इतक्या जखमा करणाऱ्याच्या अंगावर रक्ताचा सडा पडायला हवा. डेनिसच्या गाडीत, बुटांवर, फोनवर रक्ताचा थेंबही मिळाला नाही. कोटावरचे डाग कधीचे हे कोणतंच शास्त्र सांगू शकत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या छापखान्यातल्या दोघांनी साडेसात ते आठच्या दरम्यान वरून आदळआपट ऐकल्याचं सांगितलं. वेळेबद्दल त्यांची खात्री पक्की नव्हती हे खरं. पण ती वेळ बरोबर असेल तर डेनिस तेव्हा रॉथसेच्या दुकानात खरेदी करत होता आणि तिथल्या कॅमेऱ्यात तो दिसतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याला अटक झाली. आरोप दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा, म्हणजे जाणूनबुजून पण आधी कट न रचता केलेल्या. ज्यूरी निवडण्यासाठी पाच हजार लोकांना बोलावणी गेली. १९ डिसेंबर २०१५ रोजी ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेपेची, निदान दहा वर्षं पॅरोल नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कोटाबद्दलच्या चुकीच्या विधानाकडे कसं पाहायचं हे ज्यूरीला नीट समजावलं गेलं नव्हतं, हे कारण. फेरखटल्यासाठी निवडलेली ज्यूरीही बरखास्त करावी लागली, कारण संभाव्य ज्यूरर्सची माहिती पोलिसांनी आपल्या नोंदींमधून गैररीतीने काढली होती. मग न्यायमूर्ती टेरेन्स मॉरिसन यांनी एकट्याने खटला चालवला आणि १९ जुलै २०१९ रोजी डेनिस ओलँडला निर्दोष ठरवलं. त्याला गोवणारं पुष्कळ काही आहे, पण खुनाच्या शिक्षेला संशयापेक्षा जास्त काही लागतं, असा त्यांच्या निकालाचा गाभा होता.

असा निकाल आला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: पैशाने सुटला. कॅनडातही अनेकांनी हेच म्हटलं. या वाक्यात एक सत्य आहे आणि एक घातक चूक आहे, आणि दोन्ही वेगळी करून पाहायला हवीत.

आधी चूक. डेनिस ओलँडला पैशामुळे जे मिळालं ते कायद्याबाहेरचं नव्हतं. सरकारी पुराव्याची कसून उलटतपासणी, स्वतंत्र तज्ज्ञ, अपील, फेरखटला आणि शेवटी संशयाचा फायदा: यातली एकही गोष्ट श्रीमंतांसाठी राखून ठेवलेली सवलत नाही. प्रत्येक आरोपीला कायदा देऊ करतो तेवढंच त्याला मिळालं, फक्त ते पुरेपूर मिळालं. त्याच्या सुटकेवर चिडणारा माणूस नकळत अशी मागणी करत असतो की इतरांना जसा अर्धाकच्चा न्याय मिळतो तसाच यालाही मिळायला हवा होता.

श्रीमंत घरातल्या खुनाबद्दल आपली सगळ्यांत मोठी फसगत हेतूच्या बाबतीत होते. इस्टेट आहे म्हटल्यावर हेतू कायम हाताशी असतो. वारसाला हेतू, कर्ज घेतलेल्याला हेतू, भागीदाराला हेतू, दुरावलेल्या भावाला हेतू. जो हेतू घरातल्या चार जणांना एकसारखा लावता येतो तो त्यांपैकी एकाविरुद्ध पुरावा म्हणून फारसा उभा राहत नाही. शिवाय डेनिसला अडचणीत आजवर मदत करणारा माणूस हा बापच होता. डेनिसची आई, बहिणी, सगळं कुटुंब पहिल्या दिवसापासून त्याच्या पाठीशी उभं राहिलं. लोकांनी त्याचाही अर्थ लावला: घराण्याची अब्रू झाकतायत. गरीब घरातली आई मुलाच्या बाजूने कोर्टात बसली तर तिला आपण आई म्हणतो. नवरा गमावलेली आणि मुलगा गमावण्याच्या भीतीत जगणारी बाई पैसेवाली असली म्हणून तिचं दुःख हिशेबी होत नाही.

शिक्षेला संशयापेक्षा जास्त काही लागतं, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. परिस्थितिजन्य पुराव्याबद्दल भारतातली न्यायालयं आजही ज्या निकालाचा आधार घेतात तो पुण्यातल्याच एका सुखवस्तू घरातल्या मृत्यूतून आलेला आहे. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुणीचा पुण्यात पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. लग्नाला चार महिने झाले होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. न्यायमूर्ती फझल अली यांनी तेव्हा पाच तत्त्वं मांडली आणि त्यांना पंचशील म्हटलं. त्यांचं सार असं, की परिस्थितीचा प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध झालेला हवा, सगळे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवणारे हवेत आणि दुसऱ्या कुठल्याही शक्यतेला वाजवी जागा उरता कामा नये. ‘त्याने केलं असेल’ आणि ‘त्यानेच केलं असलं पाहिजे’ यांतलं अंतर ओलांडल्याशिवाय कोणाला शिक्षा देता येत नाही. सेंट जॉनच्या न्यायमूर्तींनी ३५ वर्षांनी दुसऱ्या कायद्याखाली जे केलं त्याची जात हीच आहे.

पण मंजुश्रीची गोष्ट त्या निकालावर संपत नाही, आणि ती तिथे संपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिच्या आणि शैला लाटकर या आणखी एका स्त्रीच्या मृत्यूंनी पुण्यातल्या स्त्रिया अस्वस्थ झाल्या. नारी समता मंचाची सुरुवात त्यातून झाली आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन लोकांपुढे आलं. त्या स्त्रिया विचारत होत्या: भरल्या घरात तरुण बायका मरतात कशा, आणि त्यांच्या मरणाचा तपास इतका ढिसाळ का? न्यायालय विचारत होतं: या पुराव्यावर या माणसाला फासावर द्यायचं का? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्ही विचारलेच पाहिजेत. घोटाळा होतो तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याकडून मागताना. रिचर्ड ओलँड यांना कोणी मारलं, हे मॉरिसन यांना कोणी विचारलंच नव्हतं. समोर उभ्या असलेल्या माणसाने मारल्याचं सिद्ध झालं का, एवढंच विचारलं होतं. मृताला न्याय द्यायची पहिली जबाबदारी तपास करणाऱ्यांची असते, आणि तो तपास कच्चा निघाला तर ती तूट न्यायालयाने शिक्षा देऊन भरून काढायची नसते.

सेंट जॉनमध्ये तपास कच्चाच निघाला. कचेरीबाहेरचं स्वच्छतागृह ठशांसाठी आणि रक्तासाठी तपासण्यापूर्वी पोलीसच वापरत होते. मागचा दरवाजा एका गल्लीत उघडतो. मारेकऱ्याला निसटायला तो सोयीचा होता, पण त्यावरचे ठसे घेण्याआधीच त्याला हात लागले. जिथे हत्या झाली त्या खोलीत ज्यांचं काम नव्हतं असे अधिकारीही जाऊन आले. पहिल्या रात्रीच एका माणसावर नजर स्थिरावल्यावर बाकीच्या वाटा तपासण्याची निकड कमी होते. हे नुकसान आरोपीइतकंच मृताचं आहे. डेनिस दोषी असेल तर या निष्काळजीपणाने तो सुटला, आणि निर्दोष असेल तर याच निष्काळजीपणाने त्याची आठ वर्षं गेली आणि खरा मारेकरी मोकळा राहिला. यांपैकी काहीही खरं असलं तरी रिचर्ड ओलँड यांचा खून अनुत्तरितच राहिला. पुढे दुसऱ्या कोणावर आरोप ठेवला गेलेला नाही.

आता ‘पैशाने सुटला’ या वाक्यातलं सत्य. पोलिसांच्या या चुका आपण होऊन उजेडात येत नाहीत. कोणीतरी हजारो कागद वाचावे लागतात, कोणत्या दिवशी कोण कोणत्या खोलीत गेलं ते जुळवावं लागतं, सरकारी तज्ज्ञाला त्याच्याच शास्त्रात प्रश्न विचारू शकेल असा माणूस आणावा लागतो. हे काम महिनोन्‌महिने चालतं आणि त्याला पैसे लागतात. संशय आधीपासून तिथे असतो; तो न्यायालयाला दिसेल असा मांडायला खर्च येतो. ज्याच्याकडे पैसा नसतो त्याच्या खटल्यातल्या अशाच चुका फाइलमध्ये पडून राहतात.

ओलँड घराण्याचा बिअरचा धंदा ज्या नोव्हा स्कोशियात सुरू झाला तिथलंच उदाहरण घ्या. १९७१ मध्ये सिडनी या गावात एका तरुणाचा खून झाला आणि डोनल्ड मार्शल या १७ वर्षांच्या मिगमॉ आदिवासी मुलाला पकडण्यात आलं. साक्षीदारांवर दबाव आणून जबाब घेतले गेले. त्याने ११ वर्षं तुरुंगात काढली. १९८३ मध्ये त्याला निर्दोष सोडताना न्यायालयाने त्याच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचा काही दोष त्याच्याच माथी मारला. शेवटी रॉयल कमिशन नेमावं लागलं. व्यवस्था त्याच्याबाबतीत जवळजवळ प्रत्येक पायरीवर चुकली आणि तो आदिवासी होता हे त्यामागचं एक कारण होतं, असं त्या कमिशनने नोंदवलं.

आणि आपल्याकडे? डेनिस ओलँड सुटला त्याच वर्षी, चार महिने आधी, ५ मार्च २०१९ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा माणसांना निर्दोष सोडलं. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका बागेत राबणाऱ्या कुटुंबातल्या पाच जणांची निर्घृण हत्या झाली होती. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाच्या लक्षात आलं की हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळेच लोक ओळखले होते आणि ही गोष्ट दडवली गेली होती. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. १६ वर्षं गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला.

सेंट जॉनचा मुलगा आणि नाशिकच्या खटल्यातले मजूर यांच्यातलं साम्य पाहा. दोन्हीकडे भयंकर गुन्हा, दोन्हीकडे घाईने ठरलेले आरोपी, दोन्हीकडे तपासात खोट, दोन्हीकडे आधी शिक्षा आणि मग सुटका. फरक इतकाच की ओलँडच्या खटल्यातली खोट पहिल्या दिवसापासून शोधायला पगारी माणसं बसली होती. तो दोषी ठरल्यानंतर साधारण दहा महिन्यांत जामिनावर बाहेर आला. नाशिकच्या खटल्यातली खोट कागदावर डोळ्यांसमोर होती, तरी ती बघायला १६ वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या सहा जणांना फाशी झाली असती तर ती बघितलीच गेली नसती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा निकाल लागायचा होता. त्यांच्यातल्या किती जणांच्या फाइलमध्ये अशी गोष्ट दबून पडली असेल, हे पाहायला कोणी आहे का?

पैशाचं बळ मृतांच्या बाजूनेही दिसतं. डिसेंबर २०१७ मध्ये टोरोंटोत बॅरी आणि हनी शर्मन हे दांपत्य घरात मृत आढळलं. बॅरी म्हणजे अॅपोटेक्स या औषधकंपनीचे संस्थापक, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. सुरुवातीला बातम्या आल्या त्या नवऱ्याने बायकोला मारून स्वतःला संपवलं अशा. कुटुंबाने ते मानलं नाही, आपले खासगी तपासनीस लावले, दुसरं शवविच्छेदन करून घेतलं. सहा आठवड्यांनी पोलिसांनीच जाहीर केलं की दोघांचीही हत्या झाली आहे. मारेकरी अजून सापडलेले नाहीत. पण हे कुटुंब सामान्य असतं तर? बापाच्या नावावर बायकोच्या खुनाचा डाग कायमचा बसला असता आणि मुलांना तो पुसता आला नसता.

याच प्रकरणात पैशाची मर्यादाही दिसली. मालमत्तेच्या वारसाहक्काची कागदपत्रं जनतेपासून बंद ठेवावीत, अशी शर्मन यांच्या इस्टेटची मागणी होती. एका पत्रकाराने ती लढवली आणि जून २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की न्यायालयाचं दार उघडं राहील. नुसता संकोच किंवा गैरसोय हे ते लावून घ्यायला पुरेसं कारण नाही. माणसाच्या प्रतिष्ठेला खरोखर गंभीर धोका असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्याच निकालात आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. बचावासाठी पैसा खर्च करण्याचा हक्क श्रीमंतालाही आहे, पण न्यायप्रक्रिया लोकांच्या नजरेआड नेण्याचा हक्क कोणालाच नाही.

मग करायचं काय? श्रीमंताला दोषी ठरवणं सोपं करा, ही मागणी उलटी आपल्याच अंगावर येईल. पुराव्याची पातळी खाली आणली की पहिला बळी ज्याच्याकडे वकील नाही तोच जातो. नाशिकच्या खटल्याने ते दाखवलं आहे. मागणी करायची ती वरची पातळी सगळ्यांना मिळावी अशी. त्यासाठी तीन गोष्टी हाताशी आहेत. पहिली, घटनास्थळ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे, पण ते अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. महाराष्ट्राने ही मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये. दुसरी, बचावाचा वकील. गरिबांसाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यात सुरू केली आहे. त्या वकिलांना तपासनीस आणि तज्ज्ञ मिळाले, तरच त्यांना सरकारी पुराव्यातली भगदाडं दाखवता येतील. तिसरी, झालेली चूक शोधणारी यंत्रणा. डेव्हिड मिलगार्ड हा माणूस कॅनडात न केलेल्या खुनासाठी २३ वर्षं तुरुंगात होता. त्याच्या आणि त्याच्यासाठी झगडलेल्या आईच्या नावाने तिथे डिसेंबर २०२४ मध्ये कायदा झाला आणि चुकीच्या शिक्षा तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाची तरतूद झाली. आपल्या विधी आयोगाने २०१८ मध्येच चुकीच्या खटल्यांच्या भरपाईबद्दल २७७ वा अहवाल दिला. त्यावर कायदा झालेला नाही.

डेनिस ओलँडने वडिलांना मारलं का, हे मला ठरवता येत नाही आणि ते ठरवायचा अधिकारही माझा नाही. पुरावा पुरला नाही, म्हणून तो निर्दोष आहे. कायद्याच्या राज्यात राहायचं तर हे वाक्य जड गेलं तरी पूर्ण मनाने मानावं लागतं. मात्र ते त्याच्यापुरतं मानून थांबलो तर आपण फक्त पैशाला सलाम केला असं होईल. त्याला मिळालेली प्रत्येक गोष्ट, चांगला वकील, परखड तज्ज्ञ, दुसरी संधी, संशयाचा फायदा, नाशिकच्या त्या सहा जणांना २००६ मध्येच मिळायला हवी होती. पुढच्या आरोपीला ती मिळेल याची हमी सरकारकडून वसूल करणं, हे या दोन्ही खटल्यांनी आपल्यावर टाकलेलं काम आहे.